मंगळवारच्या स्वयंपाकाचं पुस्तक

ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. बायको परिचारिका आहे. जूनपासून तिला दुपारची ड्यूटी लागली आणि संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला. घरात आई (वय ६८, शुगर आहे), मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. किराणा, भाजी, दूध, अंडी सगळं धरून महिन्याला अकरा हजारांत भागवावं लागतं. मला वरण-भात, बटाट्याची भाजी आणि अंडाकरी एवढंच येतं. पौष्टिक स्वयंपाकाचं एक पुस्तक साडेसातशे रुपयांना मागवलं. फोटो छान आहेत, पण त्यात किन्वा, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल आणि ओव्हन. तीन महिन्यांत त्यातला एकच पदार्थ झाला. बायको म्हणते यूट्यूब बघ. पीठ लागलेल्या हातांनी मोबाइल मागेपुढे करणं मला जमत नाही. मला पुस्तकच हवं. आणखी हजार रुपये बाजूला काढलेत. साधं, पौष्टिक आणि परवडणारं जेवण शिकवणारी कोणती पुस्तकं घेऊ?
— एक वाचक, नाशिक

भाऊ, नमस्कार.

पुस्तकच हवं, हा हट्ट अजिबात सोडू नका. ओट्यावर उघडं ठेवलेलं पुस्तक तुमच्या वेगाने चालतं. कांदा परतायला पाच मिनिटं जास्त लागली तरी ते पुढे पळत नाही, आणि ‘आईसाठी मीठ कमी’ असं समासात पेन्सिलने लिहिता येतं. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात आमटीच्या पानावर हळदीचे डाग आहेत, कडा तेलकट झाल्यात. सुरळीच्या वड्यांचं पान मात्र इतक्या वर्षांनी कोरं करकरीत आहे. मी ते पुस्तक घेतलं होतं ते या वड्यांकडे बघून. घर चालवलं आमटीच्या पानाने.

म्हणून दुकानात पुस्तक हातात आलं की पक्वान्नांचा आणि पनीरच्या भाज्यांचा भाग आधी उघडू नका. तिथे सगळीच पुस्तकं देखणी दिसतात. मधली पानं उघडा: आमट्या, उसळी, पालेभाज्या, भाकऱ्या, थालीपिठं. आणि मनाशी एक मंगळवार धरा. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. मुलगी गृहपाठाला बसलीय, धाकटा भूक भूक करतोय. परडीत मेथीची एक जुडी आहे, दोन वांगी आहेत, अर्धा दुधी उरलाय. डब्यात तूरडाळ, मटकी, दाण्याचं कूट. आता त्या भागातल्या सलग दहा कृती वाचा आणि मोजा, बाजारात न जाता आज रात्री यातल्या किती होतील? सहा-सात निघाल्या तर ते पुस्तक तुमचं. दोनच निघाल्या तर खुशाल परत ठेवा. साडेसातशेचं पुस्तक या मंगळवारी नापास झालं असतं आणि त्यात तुमचा काहीच कमीपणा नाही. ज्या स्वयंपाकघरासाठी ते लिहिलंय तिथे ओव्हन आहे आणि किन्वा रोज येतो. तुमच्याकडे कुकर आहे, तवा आहे आणि बाजरी आहे. पौष्टिकपणात बाजरी कुणापुढे मान खाली घालत नाही.

नाव विचारलंत, तर पाया म्हणून मी कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ सांगेन. १९७० साली ते पहिल्यांदा निघालं आणि आजही छापलं जातं. कारण साधं आहे. त्यात माप वाटीचं आणि चमच्याचं आहे. वजनकाटा नसलेल्या, आईपासून लांब राहणाऱ्या, पहिल्यांदा चूल हातात घेतलेल्या माणसाला ते सांभाळून घेतं. तुम्ही आज नेमके त्याच जागी आहात. ते नव्या सुनांसाठी आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पुस्तकाला हातातल्या बांगड्या दिसत नाहीत. मंगला बर्वे यांचं ‘अन्नपूर्णा’ही असंच घरोघरी पोचलेलं. दोन्ही घेऊ नका. दोन्हींतली उसळींची पानं वाचा, ज्यातली भाषा तुम्हाला पटकन कळते ते घ्या.

वाटीच्या मापात एक मेख आहे, ती आधीच सांगून ठेवते. वाटी कुणाची? माझ्याकडे आमटीची वाटी दीडशे मिलीची आहे आणि आईकडची पितळी वाटी दोनशेच्या वर जाते. एकाच कृतीत दोन्ही वापरल्या की पीठ सैल होतं आणि माणूस पुस्तकाला नावं ठेवतो. आज रात्रीच औषधाच्या मापाने किंवा मुलाच्या दुधाच्या बाटलीने पाणी मोजून तुमची वाटी किती मिलीची आहे ते बघा आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा. मग तीच एक वाटी स्वयंपाकाची म्हणून वेगळी ठेवा, जेवणात घेऊ नका. कृतीतलं प्रमाण आपसात जुळलं की वाटी लहान-मोठी असल्याने बिघडत नाही, फक्त पदार्थ कमी-जास्त होतो. कपाचं माप असलेलं पुस्तक असेल तर तो कप बहुतेक २४० मिलीचा धरलेला असतो, चहाचा नव्हे.

जुन्या पुस्तकांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेल, खोबरं, साखर यांत ती सढळ हाताची आहेत. ज्या काळात ती लिहिली गेली तेव्हा लोक चालायचे जास्त आणि तळलेलं घरात कमी वेळा व्हायचं. तेव्हा कृती त्यांची घ्या, पण तेल तुमच्या हिशेबाने. आणि हा हिशेब कुठून घ्यायचा, त्यासाठी एक पैसाही लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांच्या आहाराची नवी मार्गदर्शिका काढली, ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. इंग्रजीत आहे, पण तुम्हाला त्यातलं एका दिवसाच्या ताटाचं पान पुरे. बायकोला कामामुळे हा विषय जवळचा असेल, दोघांनी मिळून बघा. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जागी अंडी-मासे-मांस धरून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असं दिलंय. हे सगळं कच्चं वजन. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं.

हे आकडे पाठ करू नका. एकदा मात्र घरातलं ताट त्याशेजारी ठेवून बघा. बहुतेक मराठी घरांत धान्य भरपूर असतं, भाजी चमचाभर आणि डाळ पातळ. मोठी माणसं तिघं धरली तर तेल-तूप महिन्याला अडीच किलोच्या आत राहायला हवं, मुलांचं त्याहून थोडं वर. किराण्याच्या यादीत तुमच्याकडे किती लिटर येतं ते तपासा. तिथे वाचलेल्या पैशांत अंडी वाढवता येतात. अकरा हजारांत हे जमतं, फक्त पैसा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवावा लागतो.

पुस्तकाने हे सरकवणं सोपं केलं पाहिजे, आणि इथेच चांगल्या-वाईट पुस्तकाचा खरा फरक कळतो. मटकी घ्या. एक वाटी मटकी सकाळी कामावर जाताना भिजत घातली, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. नाशिकच्या थंडीत अर्धा दिवस जास्त धरा, गाठोडं गॅसजवळ ठेवा. त्या एका वाटीची जवळपास अडीच-तीन वाट्या होते. पहिल्या दिवशी उसळ-भाकरी. उरलेली कच्ची मोडाची मटकी फ्रिजमध्ये, ती दुसऱ्या दिवशी कांदा, टोमॅटो, गाजर घालून भातात. तिसऱ्या दिवशी मूठभर राहिली तर वाटून थालीपिठात. जे पुस्तक कृतीच्या सुरुवातीलाच ‘आदल्या दिवशी भिजत घाला’ असं सांगतं आणि उरलेल्याचं काय करायचं तेही एका ओळीत सुचवतं, ते लिहिणाऱ्याने रोज स्वयंपाक केलेला आहे हे समजावं. भिजवण्याची गोष्ट पाचव्या ओळीत उगवली, की साडेसात वाजता तुम्ही कोरडी मटकी हातात घेऊन उभे.

मुळ्याचंही तसंच. बाजारात मुळा पाल्यासकट घ्यायचा. पाल्याची भिजवलेली मूगडाळ घालून किंवा बेसन पेरून भाजी, आणि मुळ्याची दही घालून कोशिंबीर. एका जुडीत दोन भाज्या. पाला देठापासून काढून बारीक चिरा, चिरण्याआधी तीन पाण्यांत धुवा, लसूण जरा जास्त घाला. पुस्तकात पाल्याच्या भाज्यांना किती पानं दिलीत ते बघा: मुळ्याचा पाला, चाकवत, अंबाडी, माठ, शेपू, हरभऱ्याचा पाला. ही स्वस्त पानं आहेत आणि ज्या पुस्तकात ती नाहीत ते खिशाला परवडणारं म्हणून घेऊ नका, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो.

शेवटची सूची जरूर उघडा. ती नुसती पदार्थांच्या नावांची असेल तर कमी कामाची. ‘दुधी भोपळा’ या शब्दाखाली पाच पानांचे आकडे दिलेले असतील तर फार कामाची, कारण मंगळवारी आपल्या हातात पदार्थाचं नाव नसतं, अर्धा दुधी असतो. मराठी पुस्तकांत अशी सूची क्वचितच असते. नसेल तर मागच्या कोऱ्या पानावर मुलीकडून करून घ्या. नऊ वर्षांची मुलगी हे आनंदाने करेल आणि कुठली भाजी खायची यावर तिचंही मत तयार होईल.

आता आईंबद्दल. ‘मधुमेहींसाठी’ असं नाव असलेलं पुस्तक उचलण्याचा मोह होईल. घाई करू नका. साखर काढून तेवढाच गूळ किंवा मध घातलेली पक्वान्नं त्यात असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा, रक्तातल्या साखरेला गूळही साखरच. शुगर बरी करतो असं जे पुस्तक म्हणतं ते तर हातातही धरू नका. आईंसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज बहुधा पडणार नाही. जे ताट तुम्हा सगळ्यांना चांगलं, तेच त्यांना: भात कमी, उसळ आणि पालेभाजी जास्त, भाकरी मोजून, जेवणाची वेळ सांभाळून. फक्त एक विचारून घ्या. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर डाळी, पालेभाज्या आणि मीठ यांचं गणित बदलतं, ते कुठल्याच पुस्तकातून ठरवायचं नसतं. त्यांचे डॉक्टर सांगतील तसं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-भाकरी एकदम खूप कमी करण्याआधीही डॉक्टरांशी बोला.

हजार रुपये एकाच दिवशी संपवू नका. तुम्ही नाशिकचे, तुमच्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, आहे. सावानाचं सभासदत्व घ्या आणि पाककृतींची पुस्तकं एकेक करून घरी आणा. प्रत्येक पुस्तकाला पंधरा दिवस द्या. त्यात ज्या पुस्तकातून चार पदार्थ झाले आणि मुलांनी ‘परत कर’ म्हटलं, तेच विकत घ्या. मुलालाही सोबत न्या, त्याला गोष्टीची पुस्तकं मिळतील.

वाचनालयात प्रांताप्रांतांची पुस्तकंही चाळा. आपली घरोघरी पोचलेली पाकपुस्तकं मोठ्या प्रमाणात शहरी, पांढरपेशा घरांच्या चवीची आहेत. त्यात मांसाहार थोडका, बाजरी-हुलग्याला (कुळथाला) जागा कमी, आणि गरिबीतून आलेल्या कसदार पदार्थांना तर नाहीच. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याबद्दल आहे. रोज उघडून स्वयंपाक करायचं ते पुस्तक नाही. पण कुणाचं जेवण छापलं गेलं आणि कुणाचं राहून गेलं, हे ते वाचल्यावर फार स्वच्छ दिसतं. मला ते वाचल्यापासून कुठलंही पाकपुस्तक उघडताना यात कोण नाही, हे बघायची सवय लागली.

आणि म्हणूनच दुसरं पुस्तक मी तुम्हाला विकत घ्यायला सांगणार नाही, ते तुमच्याच घरात आहे. दोनशे पानी वही आणा आणि आईंजवळ बसा. तुमच्या भागातल्या त्या वयाच्या बाईला शेंगोळे, म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळून रश्श्यात शिजवलेली कडी, येत नाहीत असं क्वचित होईल. त्यांना कृती विचाराल तर त्या म्हणतील, ‘पीठ घ्यायचं अंदाजे, तिखट-मीठ चवीपुरतं.’ मग असं करा. हुलग्याचं पीठ त्या मुठीने घेतील, ती मूठ परातीत जायच्या आधी तुमच्या वाटीत घ्या आणि लिहा. ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ जोडीला किती टाकलं, तेही वाटीतून. लसूण-जिरं-मिरचीचा गोळा चमच्यावर घेऊन बघा. घट्ट मळलेल्या पिठाची त्या दोन्ही तळव्यांमध्ये वळी करतील, टोकं जुळवून कडं करतील. तेव्हा तळव्याला तेलाचं नुसतं बोट लावलेलं असतं, ते लिहायला विसरू नका. फोडणीचं पाणी खळखळ उकळल्यावर मगच शेंगोळे सोडायचे, नाहीतर ते विरघळतात. वाटीभर पाण्यात चमचाभर पीठ कालवून शेवटी ओतलं की रस्सा दाट होतो. हुलगा स्वस्त, प्रथिनांचा, टिकाऊ. या एका पदार्थात भाजी, आमटी आणि पोळी तिन्हींचं काम होतं, वर कच्चा कांदा आणि लिंबू घेतलं की झालं.

वहीत प्रत्येक पदार्थाखाली दोन गोष्टी आठवणीने टाका: पाच जणांना किती रुपयांत झाला आणि किती वेळ लागला. सहा महिन्यांनी भाव बदलतील, तरी कोणता पदार्थ कोणत्याहून स्वस्त हे साधारण तसंच राहतं. तूरडाळ महागली की मसूर, हरभराडाळ, मटकी यांच्याकडे वळायचं, हे वही आपोआप दाखवेल. पाच-सहा आमट्या-उसळी, पाच-सहा भाज्या, दोन अंड्यांचे पदार्थ, दोन खिचडीसारखे एका भांड्यातले, एवढं वहीत आलं की संध्याकाळ पार पडते.

पैशांचं असं करा. एक पायाचं पुस्तक नवं घ्या. वाचनालयाची वर्गणी भरा. उरलेल्यात स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा येत असेल तर तो घ्या, मुलांना वजन करायला फार आवडतं आणि ८५ ग्रॅम डाळ म्हणजे केवढी हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. वही मुलीच्या शाळेच्या सामानातली चालेल.

साडेसातशेचं पुस्तकही टाकून देऊ नका. किन्व्याच्या जागी ज्वारीच्या कण्या किंवा वरई घालून त्यातले भातासारखे एक-दोन पदार्थ करून बघा. कण्या अर्धा तास आधी भिजवा, पाणी तिपटीच्या आसपास लागेल, पहिल्यांदा थोडं कमी घालून मग वाढवा. ब्रोकोलीच्या जागी फ्लॉवर चालेल. ऑलिव्ह ऑइलऐवजी घरातलं शेंगदाण्याचं तेल, तेही एक चमचा. एवढं बदलून जे चांगलं होईल ते वहीत उतरवा.

येत्या रविवारी बायकोला सुट्टी असेल तर शेंगोळ्यांपासून सुरुवात करा. आई वळतील, मुलगी लिहील, धाकट्याला एक कडं करू द्या, वाकडं झालं तरी रश्श्यात सोडा. आणि आईंची मूठ किती वाटीची निघाली ते मला नक्की कळवा.

— तुमची ताई